जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स कॉर्बेट ऊर्फ जिम कॉर्बेट (जन्म : नैनिताल, २५ जुलै १८७५, मृत्यू : न्येरी, केनिया, १९ एप्रिल १९५५) हे ब्रिटिश अमदानीतील भारतात जन्मलेले शिकारी, निसर्ग-अभ्यासक, वन्यजीव छायाचित्रकार आणि लेखक होते. कुमाऊं व गढवाल या हिमालयीन प्रदेशांत शेकडो माणसांचे बळी घेणाऱ्या नरभक्षक वाघांचा व बिबट्यांचा त्यांनी १९०७ ते १९३८ या काळात नायनाट केला. भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. तेच उद्यान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

कॉर्बेट यांची कीर्ती नेमबाज म्हणून झाली. त्यांच्या लेखनात मात्र एक प्रश्न पुनःपुन्हा येतो : शिकाऱ्याने जखमी करून सोडून दिलेल्या जनावराचे पुढे काय होते, आणि त्याची जबाबदारी कोणाची? त्या काळच्या शिकारविषयक नियमांत या प्रश्नाला उत्तर नव्हते. कॉर्बेट यांनी मारलेले अनेक नरभक्षक हे अशाच अर्धवट शिकारीतून निर्माण झाले होते.

बालपण

कॉर्बेट यांचे वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे १८६२ साली नैनिताल येथे पोस्टमास्तर म्हणून आले. आई मेरी जेन. कुटुंब मोठे होते. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी येथे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असे. १८८१ साली वडील वारले आणि घराचा भार आईवर व थोरल्या भावंडांवर पडला. पुढे नैनितालमधील ‘गर्नी हाऊस’ हे घर आणि कालाढुंगीचे हिवाळी घर ही कॉर्बेट कुटुंबाची कायमची ठिकाणे झाली. जिम व त्यांची बहीण मॅगी ही दोघे अविवाहित राहिली आणि अखेरपर्यंत एकमेकांच्या सोबतीने जगली.

कालाढुंगीभोवतीच्या जंगलात जिम यांचे खरे शिक्षण झाले. गलोल, मग धनुष्यबाण आणि त्यानंतर बंदूक अशा क्रमाने ते शिकारीकडे वळले. पहिली बंदूक त्यांना एका नातलगाकडून मिळाली. हा नातलग कुमाऊंतील पक्ष्यांवर पुस्तक तयार करीत होता आणि त्याला पक्ष्यांचे नमुने गोळा करून देण्याच्या मोबदल्यात त्याने जिम यांना एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक दिली. तिची एक नळी चिरलेली होती. एकाच नळीच्या भरवशावर, मोजकीच दारू आणि छर्रे जवळ असताना, नेम चुकवून चालत नसे. काडतूस वाया जाऊ न देण्याची आणि खात्री असल्याशिवाय चाप न ओढण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी.

जंगलातील त्यांच्या पहिल्या गुरूंमध्ये कुंवरसिंग या ठाकूर जातीच्या गावमुखियाचा समावेश होता. कालाढुंगी परिसरातील हा सर्वांत तरबेज चोरटा शिकारी. सरकारी नियमांच्या दृष्टीने तो गुन्हेगारच होता. तथापि जंगलात कसे चालावे, झाडावर कसे चढावे, वाघ दिसल्यावर कसे वागावे हे धडे त्यानेच जिम यांना दिले. कॉर्बेट यांनी पुढे त्याच्यावर अत्यंत आपुलकीने लिहिले आहे.

शाळेच्या कॅडेट तुकडीकडून उसनी मिळालेली एक मार्टिनी रायफल घेऊन त्यांनी पहिला बिबट्या मारला. ते तेव्हा लहान मुलगाच होते. गोळी लागूनही बिबट्या जागीच पडला नाही, तेव्हा ते एकट्याने रक्ताच्या मागावर गेले आणि त्यांनी त्याचा शेवट केला. जखमी जनावराला तसेच टाकून घरी परतायचे नाही, हा दंडक त्यांनी आयुष्यभर पाळला.

मोकामा घाट

शिक्षण अर्धवट सोडून कॉर्बेट वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरीला लागले. प्रारंभी इंजिनांना लागणारे लाकूड तोडून पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. नंतर त्यांना बिहारमधील मोकामा घाट येथे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा ठेका मिळाला. गंगेच्या एका तीरावर रुंदमापी आणि दुसऱ्या तीरावर मीटरमापी रेल्वे असल्यामुळे सगळा माल हमालांच्या डोक्यावरून वाहून न्यावा लागे. हे काम त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ केले. मजुरांबरोबर स्वतः राबणे, नफ्यातला वाटा त्यांना देणे, स्थानकप्रमुख रामसरन यांच्या साहाय्याने त्यांच्या मुलांसाठी शाळा काढणे, या गोष्टींमुळे ते तेथे प्रिय झाले. नरभक्षकांच्या मोहिमा ते रजा काढून करीत, हे पुष्कळदा विसरले जाते. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता.

शिकारीचे परवाने व तत्कालीन नियम

कॉर्बेट यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळची परवान्यांची व्यवस्था थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपीयांना मात्र नियमांन्वये त्यातून सूट होती. त्याच वर्षी झालेल्या वन कायद्याने राखीव जंगलांतील शिकारीवर नियम घालण्याचा अधिकार सरकारला दिला. यातून पुढे राखीव जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडण्याची पद्धत रूढ झाली. एका ब्लॉकचा परवाना ठराविक मुदतीसाठी एखाद्या शिकाऱ्याला किंवा शिकारी मंडळीला मिळे आणि कोणती जनावरे किती मारायची याची मर्यादा त्यात घातलेली असे. परवानाधारक बहुधा लष्करी व मुलकी अधिकारी, संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे असत. शेताची राखण करणाऱ्या गावकऱ्याकडे असलीच तर एखादी ठासणीची बंदूक असे. राखीव जंगलाची हद्द ओलांडून ती चालवली, तर तो चोरटा शिकारी ठरे.

१९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत मोर, तित्तिर, बदके, माळढोक अशा पक्ष्यांबरोबर हरणे, कुरंग, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे इत्यादी प्राणी होते. त्यांच्यासाठी बंदी-काळ जाहीर करता येई आणि त्या काळात त्यांना मारणे हा गुन्हा होता. वाघ आणि बिबट्या या अनुसूचीत नव्हतेच. ते असंरक्षित होते. एवढेच नव्हे, तर त्यांना मारणाऱ्याला अनेक ठिकाणी सरकारी बक्षीस मिळे. स्वतःचा अथवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी जनावर मारले, किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रामाणिक हेतूने मारले, तर हा कायदा लागू होत नसे.

या साऱ्या नियमांत एक मोठी उणीव होती. किती मारायचे, केव्हा मारायचे, कोठे मारायचे हे परवाना सांगे. परंतु गोळी लागून निसटलेल्या जनावराविषयी कायद्याचा भर कोठेच नव्हता. जखमी वाघाचा माग काढून त्याला संपवणे हे चांगल्या शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाई, पण ते केवळ संकेताच्या बळावर. मुदत संपली की शिकारी बिऱ्हाड आवरून निघून जाई आणि जखमी वाघ गावकऱ्यांच्या वाट्याला राही.

चंपावतची वाघीण

चंपावतच्या वाघिणीने नेपाळमध्ये सुमारे २०० माणसे मारली होती. तेथून हाकलली गेल्यानंतर कुमाऊंत चार वर्षांत तिने आणखी २३४ बळी घेतले. तिच्या बळींची एकूण संख्या ४३६ अशी सांगितली जाते. तिच्यासाठी बक्षिसे लावली गेली, खास शिकारी नेमले गेले, अल्मोड्याहून सैनिकांच्या तुकड्या पाठवल्या गेल्या. उपयोग झाला नाही. १९०७ साली नैनितालच्या उपायुक्तांनी कॉर्बेट यांना विचारले, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. जाहीर झालेली बक्षिसे रद्द करावीत आणि जंगलात फिरणारे इतर सर्व शिकारी व सैनिक मागे बोलवावेत. बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, ही पहिल्या अटीमागची भावना होती. दुसऱ्या अटीचे कारण व्यावहारिक होते : झाडीत दडलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी बंदुकीची गोळी लागून मरण्याची त्यांना भीती वाटत होती.

चंपावतच्या तहसीलदारांच्या मदतीने २९८ गावकऱ्यांना एकत्र करून कॉर्बेट यांनी एक मोठा हाका केला. यातील गमतीचा भाग असा की, हाक्याला आलेल्या गावकऱ्यांपैकी अनेकांनी बिनपरवान्याच्या जुन्या बंदुका सोबत आणल्या होत्या आणि तहसीलदारांनी त्या दिवसापुरता त्याकडे काणाडोळा केला. कॉर्बेट यांच्या रायफलीतील गोळ्या संपल्या, तेव्हा तहसीलदारांची बंदूक घेऊन त्यांनी अखेरचा बार काढला.

वाघीण पडल्यावर तिचा जबडा तपासला गेला. उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. हे जुन्या गोळीचे काम होते. त्या दुखापतीमुळे तिला नेहमीचे सावज मारणे अशक्य झाले आणि ती माणसाकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. ही गोळी कोणी झाडली हे कधीच कळले नाही. ज्याने झाडली त्याने तिचा माग काढला असता, तर चारशेहून अधिक माणसे वाचली असती.

रोख बक्षीस नाकारणाऱ्या कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी या कामगिरीबद्दल रिग्बी कंपनीची एक .२७५ रायफल भेट दिली. तिच्यावरील चांदीच्या पट्टीवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे चुकीची कोरली गेली होती. ही रायफल मात्र त्यांच्या पुढील अनेक मोहिमांत त्यांच्या हाती होती.

जखमा आणि नरभक्षक

चंपावतनंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेत कॉर्बेट यांनी मेलेल्या जनावराच्या शरीराची बारकाईने तपासणी केली आणि त्याची नोंद ठेवली. आज पाहता त्यांच्या शिकारकथांपेक्षा या नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि पुढच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. तिने २४ माणसे मारली. १९२९ साली मारलेल्या तल्लादेसच्या वाघिणीच्या पायातही साळिंदराचे काटे सापडले. मोहानच्या वाघाची कथा तीच. ठाकच्या वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा होत्या आणि त्यांतील खांद्यावरची चिघळलेली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, वाघाच्या आवाजाची नक्कल करून कॉर्बेट यांनी तिला जवळ बोलावले आणि मारले. ही त्यांची नरभक्षकाची शेवटची शिकार ठरली.

या नोंदींवरून त्यांनी मांडलेले मत असे की, दहांपैकी नऊ वाघ जखमेमुळे आणि दहावा म्हातारपणामुळे नरभक्षक बनतो. जखम निष्काळजीपणे झाडलेल्या गोळीची असेल, किंवा साळिंदर मारताना संयम सुटल्यामुळे झालेली असेल. बिबट्यांची गोष्ट त्यांनी वेगळी मानली. साथीच्या काळात प्रेते न जाळता डोंगरउतारावर टाकली जात आणि ती खाऊन बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक लागे. पनारचा बिबट्या पटकीच्या साथीनंतर आणि रुद्रप्रयागचा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर नरभक्षक झाला, असे त्यांनी दाखवले आहे. वाघ हा स्वभावतः माणसाचा वैरी नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजवली. ज्या माणसाने नरभक्षकांच्या तोंडी गेलेल्यांची प्रेते उचलली, त्याने हे सांगावे याला विशेष वजन आहे.

नेमके कोणते जनावर दोषी आहे हे ठरवणे नेहमी सोपे नसे. चौगढ परिसरात वाघिणीबरोबर तिचे मोठे झालेले पिल्लूही असे. कॉर्बेट यांनी आधी चुकून पिल्लू मारले. त्यानंतर पुष्कळ काळ ती वाघीण माणसे मारीतच राहिली. ११ एप्रिल १९३० रोजी, डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी धरलेली असताना, त्यांनी तिला अगदी जवळून गोळी घातली. तिच्या नख्या तुटलेल्या आणि दात झिजलेले होते. सरकारी यादीप्रमाणे तिने ६४ बळी घेतले होते.

रुद्रप्रयागचा बिबट्या

केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. परवान्यांचे शस्त्र सरकारने किती सढळपणे वापरले, याचे हे ठळक उदाहरण आहे. गढवालमध्ये आधीच सुमारे ४,००० बंदूक-परवाने होते. त्यांत केवळ या बिबट्यासाठी ३०० हून अधिक खास परवान्यांची भर घालण्यात आली. लॅन्सडाउन येथील गढवाल पलटणीतील शिपायांना रजेवर जाताना रायफली घरी नेण्याची मुभा मिळाली. पटवाऱ्यांना शस्त्रे दिली गेली, सापळे लावले गेले, विषप्रयोग झाले, दहा हजार रुपये आणि दोन गावे असे इनाम जाहीर झाले. बिबट्या मेला नाही.

१९२१ साली दोन तरुण इंग्रज अधिकाऱ्यांनी रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यांवर पाळत ठेवून त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. रक्त सापडले, बिबट्या निसटला. त्यांची गोळी मागच्या पंजाला लागून एक बोट गेले होते. पुढे कॉर्बेट यांना ठसे ओळखायला आणि अखेरीस मेलेला बिबट्या तोच असल्याची खात्री पटवायला हीच जखम उपयोगी पडली. दोन खेपांतील प्रदीर्घ प्रयत्नांनंतर, गढवालचे उपायुक्त इबटसन यांच्या साहाय्याने, मे १९२६ च्या प्रारंभी गोलाबराई येथील आंब्याच्या झाडावर रात्री दबा धरून कॉर्बेट यांनी त्याला मारले. खाली घंटा बांधलेली बकरी होती. अंधारात घंटेचा आवाज झाला तेव्हा त्यांनी विजेरीच्या प्रकाशात नेम धरला.

हजारो परवाने जे करू शकले नाहीत ते एका जाणत्या माणसाने केले, असा निष्कर्ष काढणे मोहाचे आहे. कॉर्बेट यांनी स्वतः मात्र आपल्या फसलेल्या रात्रींचा हिशेब यशापेक्षा अधिक प्रामाणिकपणे दिला आहे.

पिपलपानीचा वाघ

कॉर्बेट यांच्या जीवनातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग नरभक्षकाचा नाही. कालाढुंगीच्या जंगलातील एका वाघाला ते पिल्लू असल्यापासून ओळखत होते. या वाघाने कोणाही माणसाला इजा केली नव्हती. पुढे एका गावात गुरांवर आलेला असताना गावकऱ्याच्या बंदुकीने तो जखमी झाला. जखमी वाघ उद्या नरभक्षक होईल आणि आपण हात बांधून बसल्यामुळे माणसे मरतील, या धास्तीने कॉर्बेट यांनी त्याला साद घालून बोलावले आणि गोळी घातली.

कातडे काढताना त्यांच्या लक्षात आले की जखम भरत आली होती. वाघ बरा झाला असता. या गोष्टीची रुखरुख त्यांनी लपवली नाही. जखमी जनावर असाध्य आहे की नाही हे कोणी, कसे आणि किती धीराने ठरवायचे, हा प्रश्न या प्रसंगात जितका उघडा पडतो तितका इतरत्र क्वचितच पडत असेल. तेव्हा कोणत्याही कायद्याने त्यांना थांबवले नसते, कारण तो वाघ असंरक्षित होता. निर्णय एकट्याचा होता आणि त्याची टोचणीही एकट्याचीच.

मोहानच्या नरभक्षकाला झोपलेला असताना गोळी घातल्याबद्दलही त्यांनी वाचकांपुढे कारणे मांडली आहेत. आपल्या कृतीचा असा जाब स्वतःला विचारणारे शिकारी त्या काळात फार नव्हते.

कॅमेरा आणि संरक्षणकार्य

तीन लष्करी अधिकाऱ्यांनी एका तळ्यावर एकाच फेरीत शेकडो पाणपक्षी मारलेले पाहून कॉर्बेट यांचे मन केवळ हौसेसाठी होणाऱ्या शिकारीवरून उडाले, असे सांगितले जाते. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी रात्री वाघांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र विकसित केले होते. त्यांच्या प्रभावाने कॉर्बेट यांनीही कॅमेरा हाती घेतला. पुढे जंगलातील एका ओढ्याकाठी आडोसा तयार करून त्यांनी दिवसाच्या उजेडात वाघांचे चलच्चित्रण केले. राखीव जंगलांत कोठेही वावरण्याची विशेष मुभा सरकारने त्यांना दिली होती.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. ‘पवलगढचा बॅचलर’ म्हणून प्रसिद्ध असलेला, कोणाच्याही वाटेला न जाणारा प्रचंड वाघ त्यांनी १९३० साली केवळ शिकारीचे भूषण म्हणून मारला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी ते शिकारींची व्यवस्था करीत. संरक्षणाचा पुरस्कार आणि सत्ताधाऱ्यांच्या शिकारीतील सहभाग या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या. यावरून अलीकडच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर टीका केली आहे आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

शिकारीवर कठोर मर्यादा घालाव्यात, काही क्षेत्रे पूर्णपणे शिकारमुक्त ठेवावीत, यासाठी त्यांनी संयुक्त प्रांतातील संघटनांतून काम केले, शाळांतून व्याख्याने दिली आणि ‘इंडियन वाइल्ड लाइफ’ या नियतकालिकाच्या संपादनात हसन आबिद जाफरी यांना साथ दिली. संयुक्त प्रांताचा राष्ट्रीय उद्यान कायदा १९३५ साली झाला. पुढील वर्षी रामगंगेच्या खोऱ्यात हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. स्मायथीज, चॅम्पियन आणि कॉर्बेट यांच्या प्रयत्नांचे ते फळ होते. तेथे परवानाच मिळणार नव्हता. शिकारीचे नियमन करणे आणि शिकारच बंद करणे यांतील अंतर भारतात प्रथम येथे कापले गेले.

युद्धसेवा

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट यांनी कुमाऊंतून ५०० जणांची श्रमिक तुकडी उभारून फ्रान्सला नेली. नंतर ते वझिरिस्तानात होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांना लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा देण्यात आला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात तग कसा धरावा याचे शिक्षण त्यांनी मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे दिले. विदर्भाला लागून असलेल्या त्या जंगलात साठी उलटलेला हा माणूस तरुण सैनिकांना ठसे वाचायला शिकवीत होता. या काळातील आजारपणांनी त्यांची प्रकृती कायमची ढासळली.

लेखन

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने १९४४ साली प्रसिद्ध केले. त्याचे जगभर स्वागत झाले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न कॉर्बेट यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिले. त्यानंतर रुद्रप्रयागच्या बिबट्यावरील पुस्तक, ‘माय इंडिया’ (१९५२), ‘जंगल लोअर’ (१९५३), ‘द टेंपल टायगर’ (१९५४) ही पुस्तके आली. ‘ट्री टॉप्स’ मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यांच्या पुस्तकांचे मराठीत अनुवाद झाले असून मराठी वाचकाला कुमाऊंचे डोंगर प्रथम त्यांच्यामुळेच परिचित झाले. ‘माय इंडिया’मध्ये वाघ जवळजवळ नाहीतच. मोकामा घाटचे हमाल, कालाढुंगीचे शेतकरी, दरोडेखोर, सावकारी पाशात अडकलेली माणसे यांचे ते पुस्तक आहे. भारतातील गरिबांवर त्यांचे मनापासून प्रेम होते. परकीय राजवटीविषयी मात्र त्यांनी कधी प्रश्न उपस्थित केला नाही.

केनिया व मृत्यू

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट व मॅगी भारत सोडून केनियात गेले आणि न्येरी येथील ‘पॅक्स्टू’ या लहानशा घरात राहू लागले. हे घर बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेले होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ न्येरीजवळच्या ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरील निवासात मुक्कामाला असताना कॉर्बेट सोबतीला होते. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने कॉर्बेट यांचा मृत्यू झाला. न्येरी येथील सेंट पीटर चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

नंतरचे कायदे

कॉर्बेट यांच्या हयातीत वाघ असंरक्षितच राहिला. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७० साली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात वाघाचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला. मूळ कायद्यात लहान व मोठ्या शिकारीचे निरनिराळे परवाने शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती तरतूद रद्द झाली.

याच कायद्याच्या कलम ११ मध्ये कॉर्बेट यांच्या जीवनातील दोन्ही प्रश्न एकत्र आलेले दिसतात. पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी अथवा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. ती लेखी असावी लागते आणि तिच्यात कारणे नमूद करावी लागतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री होणे पुढील दुरुस्तीने बंधनकारक झाले. स्वसंरक्षणार्थ प्राणी मारला गेला तर १९१२ प्रमाणेच आजही तो गुन्हा नाही. परंतु तेव्हा कातडे मारणाऱ्याच्या दिवाणखान्यात जाई. आता मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात २०१८ साली गोळी घालण्यात आलेल्या वाघिणीच्या बाबतीत असा आदेश उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयातही तपासला गेला होता.

स्मृती

हेली राष्ट्रीय उद्यानाचे नाव स्वातंत्र्यानंतर काही काळ रामगंगा राष्ट्रीय उद्यान असे होते. कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ याच उद्यानातील ढिकाला येथून झाला. आग्नेय आशियातील वाघाच्या उपजातीला १९६८ साली त्यांच्या नावावरून ‘कॉर्बेटी’ असे शास्त्रीय नाव मिळाले. कालाढुंगी येथील त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. जवळच त्यांनी वसवलेले छोटी हल्द्वानी हे गाव असून रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी त्यांनी गावाभोवती बांधलेल्या दगडी भिंतीचे भाग अजूनही पाहायला मिळतात.